टाळता येणारी लढाई खरंच टाळता येते का?

रात्रीचे साडेदहा वाजलेत. घरातलं आवरून झालंय आणि झोपण्याआधी तासभर गेम खेळायचा असं तुम्ही ठरवलंय. गेममधला तुमचा नायक एका गुहेच्या तोंडाशी उभा आहे. गुहेपलीकडे एक गाव आहे आणि कथेचा पुढचा धागा त्या गावात सापडणार आहे. गुहा ओलांडायला साधारण तीनशे पावलं लागतात. पण दर पंधरा पावलांनी स्क्रीन चमकतो, संगीत बदलतं आणि एक वटवाघूळ समोर येतं. हेच वटवाघूळ तुम्ही काल तीस वेळा मारलंय आणि त्याच्याकडून तुम्ही हरण्याची शक्यता शून्य आहे. तरीही दर वेळी 'हल्ला' निवडायचा, तलवार फिरलेली बघायची, आकडे उडताना बघायचे, विजयाची धून ऐकायची आणि मग परत गुहेत यायचं. एका लढाईला पाऊण मिनिट धरा. वीस लढायांची पंधरा मिनिटं झाली. तुमच्या तासाचा पाव भाग वटवाघळांत गेला आणि गाव अजून दिसलेलं नाही.

अशी लढाई टाळायची मुभा गेमने द्यावी की नाही, यावर खेळणारे आणि गेम बनवणारे गेली कित्येक वर्षं भांडतायत. बाहेरून बघणाऱ्याला हा वाद क्षुल्लक वाटेल. बटण द्या, ज्याला हवं तो दाबेल, प्रश्न मिटला. पण आत शिरलं की कळतं की ते बटण दाबल्यावर गेमचं बाकी सगळं गणित हलतं. ते का हलतं, हे आधी समजून घेऊ.

रोल-प्लेइंग गेम, म्हणजे आरपीजी, हा असा प्रकार की ज्यात तुम्ही एखादं पात्र घेता आणि ते पात्र हळूहळू मोठं होत जातं. लढाई जिंकली की अनुभवाचे गुण मिळतात, त्यांना सगळे एक्सपी म्हणतात. ठरावीक एक्सपी साठलं की लेव्हल वाढते. लेव्हल वाढली की ताकद वाढते, जास्त मार सोसता येतो, नवे मंत्र येतात. त्याच लढाईतून पैसेही मिळतात आणि त्या पैशांतून तलवार, चिलखत, औषधं घेता येतात. म्हणजे या गेममध्ये लढाई हा पात्राचा पगार आहे.

पण ती लढाई टोलही घेते. पात्राचा जीव पॉइंटांत मोजतात; वटवाघळाने दोन-चार पॉइंटांचा चावा घेतला, एक मंत्र खर्च झाला, एक औषधाची बाटली गेली. एका लढाईत हे काहीच नाही, पण वीस लढायांनंतर गुहेच्या शेवटी मोठा शत्रू, म्हणजे बॉस, समोर येतो तेव्हा पिशवीत किती बाटल्या उरल्यात यावर सगळं ठरतं. लढाई टाळायच्या वादात लोक बहुतेक वेळा यातल्या एकाच बाजूबद्दल बोलतात. कुणाला फक्त टोल दिसतो, कुणाला फक्त पगार.

टोल आधी आला, पगार नंतर

या सगळ्याचं मूळ कॉम्प्युटरवर नाही, टेबलावर आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ आणला. चार-पाच मित्र टेबलाभोवती बसतात, एक जण जग सांभाळतो, बाकीचे आपापली पात्रं खेळतात. त्यात भटके राक्षस अशी एक कल्पना होती. तळघरात ठरावीक वेळ गेला की जग सांभाळणारा फासा टाकायचा आणि आकडा पडला की कुठूनतरी एखादा राक्षस फिरत यायचा.

यात महत्त्वाची गोष्ट अशी की त्या काळच्या नियमांत बहुतांश एक्सपी राक्षस मारून मिळत नव्हतं, खजिना सुखरूप बाहेर आणून मिळत होतं. एक सोन्याचं नाणं म्हणजे एक एक्सपी. भटक्या राक्षसांकडे खजिना फारसा नसायचाच. म्हणजे त्यांच्याशी लढण्यात जवळपास निव्वळ तोटा होता. ती वेळ दवडल्याची शिक्षा होती, निव्वळ टोल. म्हणून मुरलेले खेळाडू पाय न वाजवता चालायचे, खाणं फेकून राक्षसाचं लक्ष वळवायचे, दार लावून घ्यायचे. लढाई टाळणं हेच त्या खेळातलं कौशल्य होतं.

कॉम्प्युटरवर आल्यावर पारडं फिरलं. १९८१ साली आलेल्या विझर्ड्रीसारख्या गेममध्ये एक्सपी मुख्यतः मारलेल्या शत्रूंचंच मिळू लागलं. मला वाटतं याचं कारण साधं आहे. खेळाडूने काहीतरी शक्कल लढवली हे माणसाला कळतं, त्या काळच्या मशीनला कळत नव्हतं. मेलेले शत्रू मात्र मशीनला बिनचूक मोजता येत होते. मग १९८६ साली जपानमध्ये एनिक्स कंपनीने ड्रॅगन क्वेस्ट काढला. युजी होरी यांनी आखलेला हा गेम निन्टेन्डोच्या फॅमिकॉम मशीनवर चालायचा आणि तो सगळा गेम ६४ किलोबाइटमध्ये बसवलेला होता. मोबाइलवर आज काढलेल्या एका फोटोच्या जागेत असे कितीतरी ड्रॅगन क्वेस्ट मावतील. एवढ्याशा जागेत मोठं जग दाखवायचं तर त्या जगात चालायला वेळ लागला पाहिजे. अचानक उपटणाऱ्या लढायांनी, ज्यांना रँडम एन्काउंटर म्हणतात, ते काम केलं. छोटा नकाशा मोठा वाटू लागला, कारण प्रत्येक कोस कमवावा लागत होता.

त्या जुन्या गेममधला एक नियम मला फार आवडतो. तुम्ही मेलात की राजवाड्यात परत जाता, तुमचं निम्मं सोनं जातं, पण एक्सपी सगळं राहतं. म्हणजे हरलात तरी शिकलेलं तुमच्याकडेच. पुढे कधी जायचं, मागे कधी फिरायचं हा निर्णय तुमचा आणि त्याची किंमतही तुमची. प्रत्येक छोट्या लढाईला त्यामुळे अर्थ होता.

आणि ज्यांना लढाई टाळणं म्हणजे हल्लीचे लाड वाटतात, त्यांनी हेही लक्षात घ्यावं: त्याच १९८६च्या ड्रॅगन क्वेस्टमध्ये लेव्हल १५ला एक मंत्र मिळतो, जो उघड्या मैदानावर तुमच्यापेक्षा कमजोर शत्रूंना तुमच्याजवळ फिरकू देत नाही. तेच काम करणारं पवित्र पाणीही त्यात आहे. लढाई टाळायची सोय या परंपरेत पहिल्या दिवसापासून आहे. फक्त ती मेनूमध्ये नव्हती, जगात होती. ती कमवावी लागायची किंवा विकत घ्यावी लागायची, आणि जे शत्रू तुम्हाला खरंच मारू शकतात त्यांच्यापुढे ती चालत नव्हती.

पोकेमॉन खेळलेल्यांना हे लगेच ओळखू येईल. १९९६च्या पहिल्या पोकेमॉनपासून दुकानात रिपेल नावाचा फवारा मिळतो. साधा रिपेल १०० पावलं टिकतो, सुपर २०० आणि मॅक्स २५०. अटही तशीच: तुमच्या रांगेतल्या पहिल्या पोकेमॉनपेक्षा कमी लेव्हलचेच जंगली पोकेमॉन दूर राहतात. खेळाडूंनी यातूनच एक युक्ती काढली. नेमक्या लेव्हलचा पोकेमॉन पुढे ठेवायचा आणि रिपेल मारायचा. कमी लेव्हलचे सगळे गळून जातात आणि जास्त लेव्हलचा, एरवी क्वचित दिसणारा पोकेमॉन पटकन समोर येतो. लढाई टाळायचं साधन गाळणी म्हणून वापरात आलं. सोय जगाच्या आत ठेवली की लोक तिच्यातून नवा खेळ शोधतात. मेनूतल्या बटणाच्या बाबतीत असं घडलेलं मी फारसं पाहिलेलं नाही.

'ऐच्छिक' या शब्दात गोंधळ आहे

सगळ्या ऐच्छिक लढाया एका जातीच्या नसतात. एक टोक म्हणजे महाबॉस. १९९७च्या फायनल फँटसी सेव्हनमध्ये समुद्रतळाशी एमराल्ड वेपन नावाचा शत्रू आहे, त्याचा जीव दहा लाख पॉइंटांचा. त्याच्याशी न लढता कथा पूर्ण होते. तो न दिसलेला माणूसही गेम संपवल्याचं सांगू शकतो. त्याच्याबद्दल काही वादच नाही, तो हौसेचा मामला आहे.

दुसरं टोक म्हणजे आपली गुहेतली वटवाघळं. यातली कुठलीही एक लढाई ऐच्छिक आहे, 'पळ' निवडता येतं. पण सगळ्या मिळून त्या ऐच्छिक नाहीत. वीसच्या वीस लढाया टाळल्यात तर बॉससमोर तुम्ही लेव्हल १२चे पोचता, आणि बॉस मात्र लेव्हल १६ धरून बनवलेला असतो. त्याच्या दोन फटक्यांत तुम्ही आडवे. मग परत गुहेत जाऊन, एकाच जागी गोल गोल फिरून, टाळलेल्या लढाया लढाव्या लागतात. याला खेळाडू ग्राइंडिंग म्हणतात आणि ते वाटेत लढण्यापेक्षा दसपट कंटाळवाणं असतं, कारण आता पुढे सरकल्याचं समाधानही नसतं.

म्हणून नुसतं 'टाळू द्या' म्हणून भागत नाही. पगार फक्त लढाईतूनच मिळत असेल तर लढाई टाळायची मुभा म्हणजे बिनपगारी रजा. आज घ्या, महिनाअखेरीला कळेल. मी स्वतः साठ तास खेळलेला एक गेम असाच सोडून दिला आहे. मधल्या भागात लढाया चुकवत कथा वाचत गेलो, आणि शेवटच्या किल्ल्यापाशी कळलं की दहा लेव्हल कमी पडतायत. शेवट आजही मला माहीत नाही. गेमने मला पळू दिलं, पण पळण्याचा हिशोब कुठेच दाखवला नाही, याचं मला वाईट वाटतं.

उलट बाजूची चूकही झालेली आहे. २०१२च्या पेपर मारिओ: स्टिकर स्टारमध्ये लढाई जिंकल्यावर एक्सपी मिळतच नाही. नाणी आणि स्टिकर (तीच तिथली हत्यारं) मिळतात, पण स्टिकर लढाईतच खर्चही होतात. बऱ्याच खेळाडूंनी लवकरच हिशोब केला की लढण्यापेक्षा न लढणं बरं. पगारच नाही, तर लढायचं कशाला? लढाया टाळता येत होत्या, पण त्या टाळल्यावर गेममध्ये रस उरेना. लढाई टाळता येण्यासारखी हवी, पण लढावीशी वाटण्यासारखीही हवी. या दोन गोष्टी एकदम जमवणं सोपं नाही.

ज्यांनी उत्तर शोधलं

काही गेमनी मात्र हा पेच फार सुंदर सोडवला आहे, आणि प्रत्येकाने वेगळ्या वाटेने.

१९९४चा मदर टू घ्या, जो पुढच्या वर्षी अमेरिकेत अर्थबाउंड नावाने आला. त्यात शत्रू आधीच दिसतात, अचानक उगवत नाहीत. तुम्ही पाठीमागून धडकलात तर पहिला वार तुमचा, तो पाठीमागून धडकला तर त्याचा. आणि तुम्ही त्याच्यापेक्षा पुष्कळ बलवान असाल तर लढाईचा स्क्रीन उघडतच नाही. गेम स्वतःच हिशोब करतो की ही लढाई तुम्ही पहिल्याच फेरीत जिंकणार, आणि सरळ विजय देऊन टाकतो, एक्सपीसकट. त्या भागातल्या बॉसला हरवलं की उरलेले चिल्लर शत्रू तुम्हाला बघून पळू लागतात. माझ्या मते आपल्या वटवाघळाच्या प्रश्नाचं इतकं नेमकं उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही. निकाल ठरलेला असेल तर माणसाला तो बघत बसवू नका. पण पगार कापू नका, आणि त्याची ताकद वाढलीय हे जगाला कळू द्या.

फायनल फँटसी एटने १९९९ साली भलतीच वाट धरली. त्यात शत्रूंची लेव्हल तुमच्या टोळीच्या सरासरी लेव्हलप्रमाणे वर-खाली होते. तुम्ही लढून लढून मोठे झालात तर तेही मोठे. शिवाय पात्राची खरी ताकद लेव्हलपेक्षा गोळा केलेले मंत्र अंगाला जोडण्यातून येते. आणि गेममध्ये बऱ्याच लवकर डायाब्लोस नावाची एक शक्ती हाती लागते, जी रँडम एन्काउंटर आधी निम्मे आणि मग पूर्ण बंद करायला शिकवते. याचा परिणाम असा की लढाया टाळून, गेममधलाच पत्त्यांचा खेळ खेळून आणि मंत्र साठवून जाणारा माणूस सहज पुढे जातो. उलट ज्याने इमानदारीत प्रत्येक लढाई लढली, त्याला पुढचे शत्रू जड जाऊ शकतात. कल्पना धाडसी होती. पण नव्या खेळाडूला हे कुणी सांगत नाही. आधीच्या सगळ्या गेमनी त्याला लढ म्हणून शिकवलेलं असतं आणि इथे त्याच सवयीचा दंड बसतो. टाळणाऱ्याला शिक्षा नको हे खरं, पण लढणाऱ्यालाही नको.

२०१२चा ब्रेव्हली डिफॉल्ट मला या सगळ्यांत जास्त प्रामाणिक वाटतो. त्याच्या सेटिंगमध्ये एन्काउंटरचं प्रमाण कमी-जास्त करता येतं, एका टोकाला दुप्पट आणि दुसऱ्या टोकाला शून्य, आणि ते खेळता खेळता कधीही बदलता येतं. हे वाचल्यावर वाटतं की सगळे शून्यावरच ठेवत असतील. मी मात्र तसं केलं नाही. गुहेत वाट चुकलो, तेच कोपरे परत परत दिसू लागले, की शून्य. औषधं संपून गावाकडे परत निघालो, की शून्य. नवी विद्या शिकायची आहे, वेळ हाताशी आहे, की दुप्पट, आणि लढाईचा वेगही वाढवून. हिशोब मांडला तर माझ्या एकूण लढाया बहुधा फारशा कमी झाल्या नसतील. फक्त त्या कधी लढायच्या हे माझ्या हातात आलं. रात्री साडेदहाच्या माणसाला कथा मिळते, रविवारी दुपारी त्याच माणसाला लढाया मिळतात. फायनल फँटसीच्या पहिल्या सहा भागांच्या पिक्सेल रीमास्टर आवृत्त्या २०२३ साली कन्सोलवर आल्या, तेव्हा त्यांतही रँडम एन्काउंटर बंद करायची आणि एक्सपी शून्यापासून चौपटीपर्यंत ठेवायची सोय दिली गेली. म्हणजे लढाया कमी करा, पण उरलेल्यांचा पगार वाढवा. हिशोब जुळतो.

आणि मग २०१५चा अंडरटेल. टोबी फॉक्स यांच्या या छोट्या गेममध्ये लढाई सुरू होते, पण मारणं सक्तीचं नाही. समोरच्याशी बोला, त्याला हसवा, त्याची खोड ओळखा आणि सोडून द्या. सगळ्यांना सोडून देत गेम पूर्ण करता येतो. फक्त मग एक्सपी मिळत नाही. तुम्ही शेवटपर्यंत लेव्हल एकवर, वीस पॉइंटांच्या जिवावर. म्हणजे दया दाखवायची किंमत खरी आहे, ती स्वतःच्या अंगावर झेलावी लागते, बोटांच्या चपळाईने भरून काढावी लागते. आणि ज्याला सगळ्यांना मारायचं आहे त्याला रिकाम्या वाटांवर येरझारा घालत शत्रू हुडकावे लागतात, कुणीच उरत नाही तोपर्यंत. जी ग्राइंडिंग बाकीचे गेम निमूटपणे करून घेतात, तिच्याकडे हा गेम बोट दाखवून विचारतो की हे तू का करतोयस. मी तो खेळलो त्यानंतर बरेच दिवस दुसऱ्या गेममध्ये 'हल्ला' दाबताना हात थबकायचा.

बटण मागितलं म्हणून

आता त्या बटणाविषयी, कारण त्याचा इतिहास वेदनादायक आहे. बायोवेअर या कॅनडातल्या कंपनीत ड्रॅगन एजसारख्या गेमसाठी लिहिणाऱ्या जेनिफर हेप्लर यांनी २००६च्या एका मुलाखतीत एक सूचना केली होती. गेममध्ये संवाद झटपट पुढे सरकवायचं बटण असतं, मग ज्यांना कथेतच रस आहे त्यांच्यासाठी लढाई झटपट पुढे सरकवायचं बटण का नसावं? लेखिकेने असा प्रश्न विचारणं किती साहजिक आहे! सहा वर्षांनी, २०१२ साली, कुणीतरी ते जुनं बोलणं उकरून काढलं आणि त्यांच्यावर शिव्याशाप, घाणेरडे फोन यांचा भडिमार झाला. एका बटणाच्या सूचनेवरून. त्याच वर्षी त्याच कंपनीचा मास इफेक्ट थ्री आला आणि त्यात कथेला प्राधान्य देणारा, लढाई अगदी सोपी करणारा मोड होता. ज्यांना अवघड हवं होतं त्यांचा मोड शेजारीच होता.

या रागामागे एक समजूत आहे: दुसऱ्याने सोप्या वाटेने गेम संपवला की माझ्या कष्टाची किंमत कमी होते. ही भावना खोटी आहे असं मी म्हणणार नाही. अवघड गोष्ट करून दाखवल्याचा अभिमान खरा असतो. पण आपण सगळे वाड्यात, चाळीत, सोसायटीत खेळत मोठे झालो आणि तिथे याचं उत्तर आपल्याला सात-आठ वर्षांचे असतानाच माहीत होतं. कुणाचं तरी धाकटं भावंड यायचं. मला पण घ्या. मग त्याला 'कच्चं लिंबू' म्हणून घ्यायचं. तो पळणार, लपणार, ओरडणार, पण त्याच्यावर राज्य येणार नाही. त्याच्यामुळे लपाछपी कधी बुडली नाही. ज्याला पकडापकडीची ईर्ष्या होती त्याची ईर्ष्या तशीच राहिली. आणि पुढच्या उन्हाळ्यात तेच पोर म्हणायचं, मी आता कच्चं लिंबू नाही, माझ्यावर पण राज्य द्या.

ज्यांचे हात लवकर थकतात, ज्यांना चमकणारा स्क्रीन सोसत नाही, ज्यांच्याकडे आठवड्याला दोनच तास आहेत, त्यांच्यासाठी मेनूतलं बटण असावं, आणि ते मागताना कुणाला कमीपणा वाटू नये. एकट्याने खेळायच्या गेममध्ये याला विरोध करायचं कारण मला सापडत नाही. रॉकस्टारच्या २०११च्या एल. ए. नॉयर या पोलिस तपासाच्या गेममध्ये मारामारीचा एखादा प्रसंग सारखा हरत गेलात तर तो सोडून पुढे जाऊ का असं गेमच विचारतो. तपास करायला आलेल्या माणसाला तपास करू देतो.

पण उलट मागणी करणारेही आहेत आणि त्यांचंही ऐकायला हवं. ड्रॅगन क्वेस्ट इलेव्हन या २०१७च्या गेममध्ये सुरुवातीलाच स्वतःवर काही बंधनं घालून घेता येतात. त्यात एक बंधन आहे: लढाईतून पळता येणार नाही. दुसरं: दुकानातून काही विकत घेता येणार नाही. लोक ही बंधनं आपणहून घेतात, कारण त्यांना तो टोल हवा असतो. पिशवीत दोनच बाटल्या उरल्यात, दाराआड काय आहे माहीत नाही, आणि मागे फिरायलाही तितकीच पावलं आहेत, या अवस्थेत जी धडधड होते ती त्यांना हवी असते. लढाया पूर्ण बंद केल्या की गुहा म्हणजे नुसता बोळ होतो. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच बटण हे शेवटचं साधन असावं, पहिलं नव्हे. बटण देऊन टाकलं की काम संपलं असं समजून कंटाळवाण्या लढाया तशाच ठेवल्या, तर तो आळस झाला.

पहिलं काम पगाराच्या खात्यावर करायला हवं. २००४च्या व्हॅम्पायर: द मास्करेड – ब्लडलाइन्समध्ये एक्सपी शत्रू मारल्याचं मिळत नाही, काम फत्ते केल्याचं मिळतं. पहारेकऱ्याला मारा, फसवा किंवा गटारातून मागच्या बाजूने शिरा, फाइल हाती आली की मेहनताना तोच. २०१५च्या पिलर्स ऑफ इटर्निटीनेही बराचसा हाच रस्ता धरला. २०२३च्या बाल्डर्स गेट थ्रीमध्ये तर बोलण्याच्या जोरावर काही बॉसना स्वतःचाच अंत करायला लावता येतं, आणि त्याचंही एक्सपी मिळतं. हे सगळं पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या टेबलाकडे परत जाणं आहे: खजिना बाहेर आणल्याशी मतलब, राक्षस मेला की नाही याच्याशी नाही. खात्यात पगार येण्याच्या वाटा तीन-चार झाल्या की लढाई टाळणं ही बिनपगारी रजा राहत नाही. मग लढाई लढावीशी वाटायला लावणं हे गेम बनवणाऱ्याचं काम होतं, आणि ते काम त्याने करायलाच हवं.

हे लिहायचं निमित्त माझा भाचा. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. गेल्या दिवाळीत तो आमच्याकडे आला होता आणि आम्ही २०२२चा एल्डन रिंग लावला. या गेमचं दार उघडून उघड्या मैदानावर पाऊल टाकलं की थोड्याच अंतरावर सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार गस्त घालताना दिसतो, ट्री सेंटिनेल. वाटेतच आहे, त्यामुळे वाटतं याला हरवल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. भाचा भिडला. मेला. परत भिडला. अर्ध्या तासात अकरा वेळा मेला.

"मामा, हा पहिलाच शत्रू आहे ना? मग एवढा अवघड का?"

"मैदान बघ की जरा. दोन्ही बाजूंना केवढं मोकळं आहे."

त्याने कॅमेरा फिरवला. डावीकडे झाडं होती, त्यांच्या आडोशाने तो वाकून चालत गेला. घोडेस्वाराने वळूनही पाहिलं नाही. पुढे पडकं चर्च, तिथे एक व्यापारी, मग भटकंती, छोट्या गुहा, एक नवा भाला आणि थोड्या वेळाने स्वतःचा घोडा. तिसऱ्या दिवशी रात्री जेवण झाल्यावर मी बाहेरच्या खोलीत आलो, तर तो परत त्याच मैदानावर उभा होता. कथा तर पार दुसऱ्या टोकाला बोलावत होती.

"इकडे कशाला आलास रे परत?"

"एक मिनिट, मामा," तो म्हणाला आणि त्याने घोड्याला टाच मारली.